पुण्यात बारमाही चालेल अशी चादर आणि पांघरूण: मऊ हवं, पण घरी धुता यायला हवं

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी. मुलगी जुलैत शिकायला बंगळूरला गेली. तिचं सामान बांधताना नव्या चादरी, नवे अभ्रे, नवी रजई असं सगळं हौसेने घेतलं. ती गेल्यावर आमच्या पलंगाकडे बघितलं तर चादर एका कोपऱ्यात विरलेली आणि दोन उशांना दोन रंगांचे अभ्रे. वीस वर्षं हेच चाललंय. पाहुण्यांची, मुलीची, सासूबाईंची अंथरुणं नीट, आणि आमच्या पलंगावर उरेल ते. आता मला आमची झोपायची खोली छान करायची आहे. पडल्यावर अंग सैल व्हावं, एवढीच इच्छा.

अडचणी सांगते. ह्यांना रात्री भरपूर घाम येतो. मला पाऊण रात्र पाय गार पडतात आणि पहाटे अचानक उकडून जाग येते (वय 49, समजून घ्या). मशीन 7 किलोचं, वरून कपडे टाकायचं. ड्रायर नाही. पश्चिमेकडे एक बाल्कनी, तिथे दोरीवरचं वाळत घालायचं स्टँड. ड्रायक्लीनला दर महिन्याला काही टाकणार नाही. खर्चाची तयारी साधारण 12 ते 15 हजार.

एकदा हात पोळलेत. गेल्या दिवाळीत ऑनलाइन '1000 थ्रेड काउंट, इजिप्शियन कॉटन' असा सेट घेतला, 4,800 रुपयांचा. आला तेव्हा गुळगुळीत, चकचकीत. चौथ्या धुण्याला पायाकडे, टाचा घासतात तिथे, बारीक गोळे आले. उन्हाळ्यात तर पाठीला चिकटायची. एवढे पैसे घालून असं का व्हावं? नेमकं काय बघून घ्यायचं?

उभा-आडवा

ताई, इचलकरंजीत 31 वर्षं विणाई आणि प्रोसेसिंगमध्ये काढली, आता मुलाकडे सिंहगड रोडला असतो. तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे आहेत तो आकडा. 1000 धागे एका चौरस इंचात बसवायला जागाच नसते. मग करतात काय, तर दोन, तीन, चार बारीक सुतं एकत्र पिळून एक धागा करतात आणि मोजताना त्यातलं प्रत्येक सूत वेगळं मोजतात. 250 धाग्यांचं कापड असं कागदावर 1000 चं होतं. कापड जड होतं, हवा कमी खेळते, वाळायला वेळ लागतो. एकेरी सुताची 200 ते 400 ची चादर उत्तम. पाचशेच्या पुढचा आकडा दिसला की मी विचारतो, सूत एकेरी आहे की पिळाचं? उत्तर आलं नाही तर पुढचं दुकान.

आकड्यापेक्षा कापसाच्या तंतूची लांबी महत्त्वाची. तंतू आखूड असले की त्यांची टोकं सुतातून बाहेर येतात, घासली की एकमेकांत गुंततात, तेच तुमचे गोळे. 'कोम्ब्ड' लिहिलेलं असतं त्यात आखूड तंतू विंचरून काढलेले असतात. इजिप्शियन कापूस लांब तंतूचा खरा, पण त्या नावाने वाटेल ते विकलं जातं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीला इजिप्शियन म्हणून विकलेल्या चादरींचे पैसे गिऱ्हाइकांना परत द्यावे लागले होते. आपल्याकडेही लांब तंतूचा सुंदर कापूस आहे. सुविन म्हणतात त्याला, सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट ह्या दोन जातींच्या संकरातून 1974 साली कोइमतूरला तयार झाला. महाग असतो, पण हातात घेतला की कळतं.

तिसरी गोष्ट वीण. परकेल म्हणजे साधी वीण, एक वर एक खाली. कापड कोरडं, गार, जरा करकरीत लागतं. सॅटीन विणीत धागा चार धाग्यांवरून जाऊन एकाखालून जातो. वर लांब धागे मोकळे राहतात म्हणून चकाकी आणि मऊपणा येतो, पण तेच धागे नखात, पैंजणात अडकतात आणि कापड उबदार होतं. तुमच्याकडे घामाचा प्रश्न आहे, तर डोळे मिटून परकेल घ्या.

आता एक करा. त्या 4,800 च्या चादरीच्या शिवणीतून दोन धागे ओढा, एक उभा, एक आडवा. चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास येतो, आणि राख बोटाने चोळली की भुगा होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी राहतो. काय निघालं ते इथे लिहा.

निवांत

काकांचं सगळं पटलं, पण सॅटीनच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं. मी एकटी राहते, घाम येत नाही, एसीही नाही. माझ्याकडे 300 थ्रेड काउंटची कॉटन सॅटीन आहे, चार वर्षं झाली. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास जातो तेव्हा परकेलवर पडलं की पहिली पाच मिनिटं अंगावर काटा येतो. सॅटीनवर येत नाही. शिवाय इस्त्री नाही केली तरी सुरकुत्या डोळ्यांत भरत नाहीत. ज्याला गारवा सोसत नाही त्याने सॅटीनला नाही म्हणू नये.

कर्वेनगरी

काका, केलं. आडवा धागा कागदासारखा जळला. उभा धागा मात्र आक्रसत गेला आणि टोकाला काळा, मोहरीएवढा मणी. चोळून बघितला, फुटेना. पाकिटावर '100 टक्के कॉटन' अजून स्पष्ट वाचता येतंय. फार वाईट वाटलं. ह्यांनीच त्या दिवाळीला माझ्यासाठी म्हणून मागवली होती.

उभा-आडवा

वाईट वाटून घेऊ नका, भलेभले फसतात. मिश्र कापड वाईट असतं असं नाही, लवकर वाळतं, सुरकुत्या कमी पडतात. मिश्रण लपवून कापसाचे पैसे घेणं वाईट. गोळ्यांचंही कारण कळलं बघा. नुसत्या कापसावर आलेला गोळा धुताना गळून जातो. पॉलिस्टरचा तंतू तुटत नाही, तो गोळ्याला धरून ठेवतो.

पाषाण-तळं

माझ्या मुलाला धुळीची ॲलर्जी आहे, म्हणून ह्या विषयात नको इतकी शिकले. धूळकिडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि दमटपणा त्यांना मानवतो, त्यामुळे पावसाळ्यात त्रास वाढतो. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याला चादर आणि अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात. म्हणजे असलं कापड हवं जे गरम पाणी सोसेल. शुद्ध कापूस सोसतो. रेशमी अभ्रे, झुळझुळीत बांबूच्या चादरी सोसत नाहीत. बांबूचं म्हणून विकतात ते बहुतेक व्हिस्कोज असतं. बांबूचा लगदा करून, रसायनांत विरघळवून काढलेलं सूत. मऊ असतं, पण ओलं असताना कच्चं, आमचं पिळतानाच उसवलं.

गादीला प्रोटेक्टर जरूर घाला. वर सुती टॉवेलसारखं कापड आणि खाली पाणी अडवणारा पातळ थर असतो तो. फक्त हलवल्यावर कुरकुर आवाज येणारा घेऊ नका, त्यातून हवा खेळत नाही आणि पाठ ओली होते. घामासाठी म्हणून सांगतेय.

अकरावा मजला

वाकडला आमच्या सोसायटीत आठ महिने टँकर आणि बोअर. पांढऱ्या चादरी घेणार असाल तर आधी तुमचं पाणी तपासा. आमच्याकडे पाण्यात लोह आहे. पांढरे अभ्रे दोन महिन्यांत पिवळट झाले, म्हणून मी ब्लीच घातलं, तर आणखी तांबूस झाले. नंतर कळलं की ब्लीचमुळे पाण्यातलं लोह गंजाच्या रूपात कापडावर बसतं. तेव्हापासून ब्लीच बंद. पावडरऐवजी लिक्विड, तेही निम्मं, आणि एक जास्तीचं खळबळणं. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र चादरींना आणि टॉवेलांना घालत नाही. त्याचा थर बसतो, हाताला मऊ लागतं, पण घाम टिपणं कमी होतं.

कर्वेनगरी

आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं, त्यामुळे पांढऱ्याचा विचार करतेय. हॉटेलात पांढऱ्याशुभ्र चादरीवर पडलं की जे वाटतं ना, ते घरी हवं. तिथे कुठलं कापड वापरतात?

उभा-आडवा

बऱ्याच हॉटेलांत 200 ते 300 ची साधी परकेल असते, पुष्कळदा मिश्र सुद्धा. रोज धुवून टिकायला हवी ना. तुम्हाला जे आवडतं ते अर्धं इस्त्रीचं काम. दमट असतानाच मोठ्या रुळांमधून कडक इस्त्री होऊन येते ती. घरी करायचं तर चादर पूर्ण वाळू देऊ नका. हाताला थोडी गार लागतेय तोवर काढा आणि इस्त्री फिरवा. सगळी नाही, वरचा दुमडायचा हातभर पट्टा आणि अभ्रे. गाल तिथेच लागतो.

भीमाकाठ

दौंडकडची आहे मी, नोकरीने हडपसरला. सगळे चादरींवर बोलताय, पांघरुणावर मी लिहिते.

आमची आजी गोधड्या शिवायची. माझ्याकडची तिच्या तीन लुगड्यांची आणि आजोबांच्या धोतरांची आहे. वर लुगडी, मधे धोतरं, सुती दोऱ्याने कडेकडेने आत येत जाणारा धावदोरा. टाके तांदळाएवढे. चारही कोपऱ्यांवर खणाचे तुकडे त्रिकोणी दुमडून शिवलेत. लहानपणी झोप येईपर्यंत मी तो कोपरा बोटांत धरायचे, तिथला खण आता काचेसारखा गुळगुळीत झालाय. ह्या गोधडीत उन्हाळ्यात उकडत नाही आणि थंडीत गारठत नाही. कारण धुवून धुवून मऊ झालेलं कापड, आणि थरांच्या मधे राहणारी हवा. आजकाल पुण्यात बायका ऑर्डरवर गोधड्या शिवून देतात, तुमच्याच जुन्या सुती साड्या द्यायच्या. एवढंच बघा की साडी सुती आहे. सिंथेटिक साडीची गोधडी घाम धरते.

आणि ताई, दोघांना एक पांघरूण हा हट्ट सोडा. पलंग एक, पांघरुणं दोन. ह्यांना पातळ, तुम्हाला जरा जाड. आमच्या घरी ह्यावरून होणारी रात्रीची ओढाताण ज्या दिवशी थांबली त्या दिवसापासून दोघांनाही झोप लागते.

निवांत

दोन पांघरुणांना माझंही मत. आणि फुगीर कम्फर्टर घेण्याआधी विचार करा. दुकानात ढगासारखा दिसतो. 7 किलोच्या मशीनमध्ये डबल कम्फर्टर कोंबून बसवावा लागतो, आत पाणीच फिरत नाही, मध्ये साबण राहतो. पावसाळ्यात तीन दिवस ओला. माझ्या बहिणीच्याला आतून बुरशीचा वास धरला, टाकावा लागला. जयपुरी रजई वजनाला हलकी आणि देखणी, पण आत पिंजलेला कापूस असतो, घरी धुतली की कापूस एका बाजूला गोळा होतो. तिला खोळ घालायची, खोळ धुवायची आणि रजईला ऊन दाखवायचं.

कर्वेनगरी

मग घरी धुता येईल असं पांघरूण कोणतं?

भीमाकाठ

मलमलीची दोहर. तीन थर असतात, मधलाही मलमलच, कापूस भरलेला नसतो. मशीनमध्ये जाते, पंख्याखाली वाळते. ठशांची छपाई असेल तर पहिली दोन-तीन धुणी वेगळी आणि गार पाण्यात, रंग सुटतो. सिंगलच्या दोन घ्या.

उभा-आडवा

थंडीसाठी नवीन काही घेऊ नका, घरात सोलापुरी चादर असेलच. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली वस्तू आहे ती. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येते. आडव्या सुतात भरपूर कापूस असल्यामुळे जड असते. डिसेंबरमध्ये दोहरीवर ती टाका.

मापाचं आत्ताच सांगून ठेवतो, पुष्कळ जण इथे चुकतात. पलंगाच्या मापावर चादर घेऊ नका, गादीची जाडी मोजा. 72 बाय 78 चा पलंग आणि 10 इंची गादी धरा. रुंदीत 72 अधिक दोन्ही बाजूंचे 10-10, झाले 92. बाजारात डबल म्हणून 90 बाय 100 ची मिळते, ती गादीच्या तळापर्यंतही पोचत नाही, मग रात्री सुटते आणि पाठीखाली वळ्या होतात. 108 बाय 108 घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यांत तीन-चार टक्के आटतं, म्हणजे 104 राहील. लांबीला 78 अधिक 20, 98. दोन्हीकडे तीन-तीन इंच खोचायला उरतं. इलॅस्टिकवाली घेणार असाल तर चारही बाजूंना इलॅस्टिक आहे ना बघा, नुसतं कोपऱ्यांना असेल तर निसटते.

पाषाण-तळं

उशीचं राहिलं. सावरीच्या कापसाच्या उशा कोणी वापरतं का अजून? आमच्याकडे सासऱ्यांची आहे. डोकं ठेवलं की हळूहळू खाली जातं आणि गार राहते.

भीमाकाठ

वापरते की. वेताळ टेकडीवर फेब्रुवारीत लाल फुलांनी भरलेली काटेसावर दिसते ना, उन्हाळ्यात तिची बोंडं फुटली की तो रेशमासारखा कापूस हवेत उडत असतो. ही उशी धुवायची मात्र नाही. तिला आत एक जाड खोळ, वर अभ्रा, आणि महिन्यातून एकदा दोन तास ऊन. दोन-तीन वर्षांनी उसवून कापूस मोकळा करून घ्यायचा. पिंजारी पूर्वी दारावर तार वाजवत यायचे, आता गादीवाल्याकडे न्यावी लागते.

पाषाण-तळं

धुता येत नसेल तर माझ्या मुलाला नको मग. सासऱ्यांची तशीच राहू दे.

कर्वेनगरी

शनिवारी आम्ही दोघं लक्ष्मी रोडला जाऊन आलो. तिसऱ्या दुकानात काम झालं. पहिल्या दोन ठिकाणी 'एकेरी सूत का?' विचारल्यावर नुसतं डिझाइन दाखवत होते. तिसऱ्या दुकानातल्या आजोबांनी न विचारता चादर उलगडून दाराशी नेली आणि उजेडासमोर धरली. म्हणाले, बघा, जाळी सारखी आहे, कुठे दाट कुठे विरळ नाही. मग त्यांनी कापडाचा एक भाग मुठीत घट्ट चोळून दाखवला. पांढरी भुकटी पडली नाही, म्हणजे खळ देऊन जड केलेलं नाही. ह्यांनी खिशातला रुमाल ओला करून चादरीच्या कडेला टेकवला, ओल लगेच पसरली. आजोबांना राग आला नाही, उलट हसले.

घेतलं ते असं: 108 बाय 108 च्या दोन पांढऱ्या परकेल, 300 थ्रेड काउंटच्या, त्यांचे चार अभ्रे. दोन सिंगल दोहरी, एक निळ्या बुट्ट्यांची, एक साधी बदामी. एक सुती प्रोटेक्टर. सगळे मिळून 11,200. भीमाकाठताई, आईच्या चार सुती साड्या माळ्यावरून काढल्यात, गोधडीसाठी. एकीला अजून तिच्या कपाटातल्या वाळ्याचा वास आहे. ती धुवून द्यावी की तशीच, कळत नाही.

भीमाकाठ

धुवूनच द्या, नाहीतर शिवल्यावर थर वेगवेगळे आटतात आणि गोधडी फुगते. वाळा परत कपाटात ठेवता येईल.

कर्वेनगरी

तीन आठवड्यांनी लिहितेय. मधे सलग पाऊस होता, त्यामुळे खरी परीक्षा झाली. पहिली चादर सकाळी सातला मशीनला लावली, दोनदा पिळून काढली, हॉलमध्ये दोन खुर्च्यांच्या पाठींवर पसरली, वर पंखा. साडेबाराला कडा सोडून सगळी वाळली. जुनी चकचकीत चादर अशा हवेत दुसऱ्या दिवशीही दमट असायची. काका, तुम्ही सांगितलंत तसा नुसता वरचा पट्टा इस्त्री केला.

पहिल्या रात्री कापड जरा कडक वाटलं, खरं सांगते. चौथ्या धुण्यानंतर आता हाताला वेगळंच लागतं, जुन्या धोतरासारखं. ह्यांची पाठ सकाळी कोरडी असते. मला पहाटे उकडलं की दोहर नुसती बाजूला सारते, त्यांना जाग येत नाही.

काल मुलीला फोनवर दाखवलं सगळं. ती म्हणाली, दिवाळीला येईन तेव्हा माझ्या पलंगावरही अशीच घाल. तिचा पलंग 36 बाय 78, गादी 6 इंची. काका, किती मागू?

उभा-आडवा

60 बाय 90 देतील, ती घेऊ नका. 78 अधिक 12 म्हणजे 90, खोचायला काही उरत नाही आणि आटली की आखूड. 70 बाय 100 मागा. आणि दिवाळीच्या आधी दोनदा धुवून ठेवा, तिला पहिल्या रात्रीपासून मऊ लागेल.